केनसाहेब आणि अबकारीचा हिशेब : एका दारूबंदी प्रचारकाचे घर, राजकारण आणि एक मतदान

३० एप्रिल १८८९ रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिंदुस्थानातल्या दारूवर मतदान झाले. ठराव सॅम्युएल स्मिथ यांनी मांडला आणि विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी त्याला अनुमोदन दिले. आशय असा, की हिंदुस्थान सरकारची महसूलपद्धतच गुत्ते वाढवणारी आहे. जिथे पूर्वी दारूचे दुकान नव्हते तिथे ते उघडले जाते, आणि तेही स्थानिक लोकांचा विरोध डावलून. मंत्रिमंडळ विरोधात होते. तरी ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर झाला.

दारूच्या प्रश्नावर हिंदुस्थान सरकार पार्लमेंटात हरले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण त्यानंतर ना गुत्ते बंद झाले, ना अबकारीचे उत्पन्न घटले. असे का झाले, हे समजण्यासाठी केन कोण होते, त्यांच्या घराने त्यांना काय दिले, मुंबई इलाख्यातली अबकारी नेमकी कशी चाले आणि पुढच्याच वर्षी याच माणसाने स्वतःची खासदारकी का सोडली, हे चारही धागे एकत्र पाहावे लागतात.

लोखंडाचा व्यापारी, उपदेशकाचा जावई

केन यांचा जन्म २६ मार्च १८४२ चा, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या सीकोंबचा. वडील नथॅनिएल केन धातूंचे व्यापारी, आई हॅना रश्टन. विल्यम १८६१ मध्ये वडिलांच्या पेढीत बसू लागले आणि १८७८ मध्ये रोजच्या धंद्यातून बाजूला झाले. पण लोखंड त्यांना सुटले नाही. मिलमजवळच्या हॉडबॅरो या लोहखनिजाच्या खाणींचे संचालकपद त्यांच्याकडे राहिले आणि लिव्हरपूलच्या शॉज ब्राउ आयर्न कंपनीत त्यांचा वरचष्मा राहिला. हॉडबॅरोच्या खनिजाला पोलादाच्या कारखान्यांत मोठी मागणी होती. निवडणुका, प्रवास, सभा, पत्रके हे सगळे चालायचे ते या पैशावर. त्या काळी खासदाराला पगार नव्हता. त्यामुळे प्रचारकाची पोटापाण्याची सोय कुठून होते, हा प्रश्न इथे गैरलागू नाही.

घरातला दुसरा मोठा प्रभाव सासऱ्यांचा. मर्टल स्ट्रीट चॅपेलचे बाप्टिस्ट उपदेशक ह्यू स्टोवेल ब्राउन हे लिव्हरपूलमधले मोठे नाव. रविवारी दुपारी कामगारांपुढे त्यांची व्याख्याने होत, तीही चॅपेलबाहेर साध्या सभागृहात, म्हणजे चर्चची पायरी न चढणारा माणूसही येऊन बसावा. (त्यांचे धाकटे भाऊ टी. ई. ब्राउन हे मॅन बेटाचे प्रसिद्ध कवी.) केन यांनी त्यांच्या थोरल्या मुलीशी, ॲलिसशी, मार्च १८६८ मध्ये लग्न केले. दोघांना दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. सासऱ्यांची बोलण्याची रीत जावयाने उचललेली दिसते. पुढे लंडनमध्ये स्टॉकवेल भागातल्या व्हीटशीफ या कामगारवस्तीतल्या प्रार्थनामंदिराचे काम केन यांनी जवळजवळ वीस वर्षे पाहिले, उपदेशकाची दीक्षा न घेता.

थोरली मुलगी हॅना हिचे लग्न जॉन हर्बर्ट रॉबर्ट्स यांच्याशी झाले. हे रॉबर्ट्स वेल्समधल्या वेस्ट डेनबीशायरचे खासदार. त्यांचे वडील जॉन रॉबर्ट्स यांनी वेल्समध्ये रविवारी दारूची दुकाने बंद ठेवण्याचा १८८१ चा कायदा पार्लमेंटात तडीस नेला होता. म्हणजे सोयरीक जुळली ती दारूबंदीच्या दोन घराण्यांची. याचा व्यावहारिक उपयोग असा, की केन १९०३ मध्ये गेले तेव्हा हिंदुस्थानचे काम थांबले नाही. ते जावयाने पुढे चालवले. हेच रॉबर्ट्स १९१९ मध्ये लॉर्ड क्लुइड झाले. संस्था टिकली तेव्हा तिच्यामागे घर होते, हे या प्रकरणात नजरेआड करता येत नाही. अशा चळवळींच्या इतिहासात ठराव छापले जातात; पत्रांना उत्तरे कोण लिहीत होते, पाहुण्यांना कोण उतरवून घेत होते, हे छापले जात नाही.

लिव्हरपूलमध्ये १८७३ आणि १८७४ मध्ये दोनदा हरल्यावर केन १८८० मध्ये स्कारबरोहून लिबरल म्हणून निवडून आले. पार्लमेंटातले पहिले भाषण त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सर विल्फ्रिड लॉसन यांच्या ‘लोकल ऑप्शन’च्या ठरावावर. कल्पना सरळ होती: एखाद्या वस्तीत दारूचे दुकान असावे की नाही, हे तिथल्या रहिवाशांच्या मतावर ठरावे. ही एकच कल्पना केन यांनी आयुष्यभर दोन खंडांत फिरवली.

मुंबई इलाख्यातली अबकारी

केन १८८७-८८ मध्ये जगप्रवास करून आले आणि पुढे पुन्हा हिंदुस्थानात आले. तेव्हा त्यांच्यापुढे जी व्यवस्था होती ती एकसारखी नव्हती.

बंगालमध्ये ‘आउटस्टिल’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत होती. एका ठिकाणी भट्टी लावण्याचा आणि तिथेच विकण्याचा हक्क लिलावात जाई. घेणारा दरमहा ठरलेली रक्कम भरी. मग त्याने किती दारू काढली, किती कडक काढली, याच्याशी सरकारचा संबंध नसे. रक्कम ठरलेली असल्याने जितकी जास्त दारू काढावी तितका प्रत्येक बाटलीवरचा बोजा कमी. दारू स्वस्त झाली, खेड्यापाड्यांत पोचली आणि ओरड इतकी वाढली की १८८३-८४ मध्ये बंगाल सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

मुंबईची रीत याच्या उलट, आणि वरवर पाहता शहाणपणाची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मोजक्या मोठ्या भट्ट्यांत काढायची आणि भट्टीतून बाहेर पडतानाच दर गॅलनला कर घ्यायचा, असे धोरण आले. मुंबई शहराची दारू प्रामुख्याने उरणला निघे. पारशी मालकांच्या तिथल्या भट्ट्यांना गुजरातेतल्या पंचमहालाकडून मोहाची फुले येत. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालून आंबवायची आणि मग ती आंबवण तांब्याच्या भांड्यात तापवून वाफ थंड करायची, ही मूळ रीत घरच्या भट्टीसारखीच. फरक होता तो कुलपाचा आणि मोजमापाचा. दारू दोन ताकदींची विके: लंडन प्रूफच्या २५ अंश खाली आणि ६० अंश खाली. लंडन प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७ टक्के मद्यार्क. म्हणजे पहिली दारू जवळजवळ ४३ टक्क्यांची, आजच्या व्हिस्कीच्या तोडीची, आणि दुसरी २३ टक्क्यांच्या आसपासची. कर ताकदीप्रमाणे ठरे, त्यामुळे कडक दारू महाग आणि पातळ दारू स्वस्त.

ताडी-माडीचा हिशेब वेगळा. तिथे कर दारूवर नव्हता, झाडावर होता. माड, ताड किंवा शिंदीचे झाड छेवायचे, म्हणजे रसासाठी चिरायचे, तर परवाना हवा आणि दर झाडाला ठरलेली रक्कम हवी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत हे दर चढले तेव्हा भंडारी समाजाच्या धंद्यावरच घाला आला. रस उतरवायचा, आंबवायचा, थोडी दारू काढायची, असा एकाच घरात चाललेला उद्योग परवान्यांच्या तुकड्यांत विभागला गेला. अर्ज-विनंत्या झाल्या. पण सरकारच्या लेखी स्वस्त ताडी म्हणजे मोहाच्या दारूच्या खपाला स्पर्धा, आणि ती मोडणे हाच तर हेतू होता.

आता खरी मेख. मुंबई इलाख्यात विक्रीचा मक्ता देताना मक्तेदाराकडून किमान कराची हमी घेतली जाई. समजा त्याने वर्षाला १,००,००० रुपयांची हमी दिली आणि गॅलनला २ रुपये कर आहे. मग त्याला वर्षात ५०,००० गॅलन खपवणे भागच. ४०,००० गॅलनच खपली तर उरलेले २०,००० रुपये त्याने पदरचे भरायचे. (आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, दर जिल्ह्यागणिक बदलत.) अशा माणसाला खप वाढवू नको असे सांगण्यात अर्थ काय? तो उधारी देणार, बाजाराच्या दिवशी तात्पुरते दुकान मागणार, लगतच्या गावात गुत्ता काढायचा अर्ज करणार, आणि तो अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे जाणार त्याच्या वार्षिक अहवालात उत्पन्नाची वाढ ही कौतुकाची बाब. पुण्यात जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध पत्र लिहिले, ते याच पार्श्वभूमीवर.

सरकारचे उत्तर ठरलेले असे: आम्ही दारू महाग करतो, म्हणजे कमीत कमी खपात जास्तीत जास्त उत्पन्न. वाक्य निर्दोष आहे. पण किमान हमीच्या मक्त्याशी ते जुळत नाही, कारण तिथे कमी खपाची शिक्षा मक्तेदाराला होते. केन आणि त्यांचे सहकारी नेमके याच जागी बोट ठेवत होते.

मोहीम चालली कशी

लंडनमध्ये १८८८ च्या जुलैत ‘अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशन’ स्थापन झाली. स्मिथ अध्यक्ष, केन मानद चिटणीस. स्मिथ हे लिव्हरपूलचे कापसाचे दलाल. पुढे १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले. संस्थेची कामाची पद्धत तीन भागांची होती.

पहिला भाग माहितीचा. हिंदुस्थानात राहिलेले वेल्श बाप्टिस्ट मिशनरी टॉमस एव्हान्स दौरे काढत. शहरात पोचल्यावर कलेक्टरकडे न जाता आधी नगरपालिकेचे सभासद, वकील, संपादक आणि जातीचे पुढारी गाठायचे. गुत्ते किती, पूर्वी किती होते, देवळापासून, शाळेपासून, गिरणीच्या दरवाजापासून किती अंतरावर आहेत, लिलाव केवढ्याला गेला, हे टिपायचे. दुसरा भाग स्थानिक मंडळे काढण्याचा. शपथपत्र, सभासदांची वही, मासिक सभा, आणि लंडनशी संलग्नता. तिसरा भाग पार्लमेंटचा: मिळालेल्या माहितीवर प्रश्न विचारायचे, उत्तर आले की ते ‘अबकारी’ या त्रैमासिकात छापून पुन्हा हिंदुस्थानात पाठवायचे. १८९० पासून निघालेल्या या त्रैमासिकाचे नावच सांगते की प्रचारकांनी प्रश्न नीतीचा न ठेवता खात्याचा केला होता.

उत्तरेत त्यांना एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. काशीचे महंत केशवराम रॉय जातीच्या पंचायती भरवून दारू सोडण्याचा निर्णय घ्यायला लावत. यात वैयक्तिक शपथ नव्हती. जातीचा निर्णय, मोडणाऱ्याला दंड, न मानला तर पंगतीबाहेर. इंग्लंडमधली शपथ एकेकट्या माणसाच्या सदसद्विवेकावर उभी, आणि म्हणून पगाराच्या दिवशी कोसळणारी. इथली शपथ शेजाऱ्यांच्या नजरेवर उभी होती. केन यांनी या कामाला मनापासून पाठिंबा दिला. कट्टर बाप्टिस्ट माणसाने हिंदू महंताच्या जातपंचायतीला पाठिंबा द्यावा, हे त्यांच्या घडणीला सोडून होते. पण उपयोग दिसला की ते अडून बसत नसत.

काँग्रेसशीही त्यांचे जमले. १८९० मध्ये फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कलकत्ता अधिवेशनाला ते प्रतिनिधी म्हणून आले आणि तिथून त्यांनी लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या वर्तमानपत्राला ‘यंग इंडिया’ या मथळ्याखाली पत्रे पाठवली. दारूपासून सुरू झालेला माणूस अशा रीतीने स्वराज्याच्या मागणीपर्यंत आला. वाट तशी सरळच. गुत्ता नको म्हणणाऱ्या गावाचे मत मोजायचे म्हटले, की मत मोजण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न आपोआप येतो.

मतदान जिंकूनही

आता १८८९ च्या त्या दहा मतांकडे परत. असा ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्याने हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकातला एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. त्याने सरकारवर उत्तर देण्याची जबाबदारी मात्र आली, आणि उत्तर आले ४ फेब्रुवारी १८९० च्या खलित्यात. हिंदुस्थान सरकारने धोरणाची सूत्रे लिहून दिली: चोरटी दारू वाढणार नाही इतपत कर शक्य तितका चढा ठेवायचा, विक्री योग्य नियमांखाली ठेवायची, दुकानांची संख्या परिस्थितीप्रमाणे मर्यादित ठेवायची, आणि लोकमत काय आहे ते जाणून घेऊन त्याची वाजवी दखल घ्यायची. बंगालमधल्या आउटस्टिल हळूहळू मागे पडल्या.

कागदावर हा मोठाच विजय. चौथ्या सूत्रात तर लोकल ऑप्शनची सावली आहे. फक्त ‘जाणून घेणे’ म्हणजे कोणी, कधी, कसे, याची तरतूद नव्हती. कलेक्टरने नगरपालिकेला पत्र पाठवले आणि उत्तर दप्तरात लावले, की जाणून घेतले. मतदान नाही, मुदत नाही, अपील नाही. आणि मुळात या महसुलाची जागा दुसरा कोणता कर घेणार, हे ना ठरावात होते ना खलित्यात.

दुसरी चूक मोजण्याची. प्रचारकांना दुकानांची संख्या मिळे, ती वर्तमानपत्रात चटकन कळे, म्हणून ते तीच मागत राहिले. सरकारनेही ती कमी करून दाखवली. दोन गुत्त्यांच्या जागी एक ठेवला आणि त्याचा लिलाव चढ्या भावाने गेला, तर उत्पन्न वाढते, खप तसाच राहतो, आणि अहवालात सुधारणा दिसते. आकडा गॅलनचा आणि ताकदीचा हवा होता.

तिसरी बाब अधिक कडू. कर चढला की हातभट्टी आली, आणि हातभट्टी आली की पोलीस आले. १८९२ च्या मुंबई मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावर निर्बंध आणले. मोह हे नुसते दारूचे साधन नाही. वारली, कातकरी, ठाकूर यांच्या घरात तो टंचाईच्या महिन्यांतला आहार आहे. फुले वेचून, वाळवून, कणगीत भरायची आणि पावसाळ्यात भाजून खायची. त्याच कणगीवर आता धाड पडू शकत होती. दारू कमी करा या मागणीचे सरकारी भाषांतर असे झाले: गरिबाच्या घरची दारू बंद करा आणि उरणची विका. लंडनहून हे पुरेसे दिसत नव्हते, आणि संस्थेचे हिंदुस्थानी सहकारीही बहुतेक शहरी, वरच्या जातींतले. आदिवासींची बाजू त्यांच्या कागदांत फार क्षीण आहे.

बॅरोची खासदारकी

याच सुमारास केन यांनी घरच्या आखाड्यात केलेली गोष्ट त्यांच्या विचारावर सर्वांत जास्त प्रकाश टाकते. १८८६ च्या एप्रिलमध्ये ते बॅरो-इन-फर्नेस या पोलाद आणि जहाजबांधणीच्या गावातून पोटनिवडणुकीत निवडून आले होते. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर ते लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांना सोडून, स्वराज्याला विरोध करणाऱ्या चेंबरलेन यांच्या लिबरल युनियनिस्ट गटात गेले आणि तिथे प्रतोद झाले. म्हणजे १८९० मध्ये ते ज्या सरकारला टेकू देत होते ते टोरी, म्हणजे हुजूरपक्षाचे सरकार.

त्या वर्षी अर्थमंत्री गोशेन यांनी दारूवर जादा कर बसवला आणि त्यातला काही भाग परवाने विकत घेऊन रद्द करण्यासाठी राखायचा ठरवला. वरकरणी दारूविरोधकांच्या मनासारखे: पैसे टाका, गुत्ता बंद करा. केन यांच्यासह दारूविरोधकांनी याला कडाडून विरोध केला. ७ जून १८९० रोजी हाइड पार्कमध्ये प्रचंड मोर्चा निघाला.

कारण कायद्यातल्या एका बारकाव्यात आहे. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना एका वर्षाचा असे आणि दरसाल न्यायाधीशांपुढे नवा करावा लागे. वर्ष संपले की हक्क संपला. मग नूतनीकरण नाकारले तर भरपाई कसली? पण एकदा सरकारने भरपाई दिली, की वर्षाचा परवाना कायमची मालमत्ता ठरतो. मद्यनिर्मात्या कंपन्या परवान्यांसकट दुकाने विकत घेतच होत्या. भरपाईच्या नुसत्या आशेने त्यांच्या किमती चढल्या असत्या. आज शंभर परवाने विकत घ्यायला लागणाऱ्या रकमेत दहा वर्षांनी पन्नासही येणार नाहीत.

नूतनीकरण नाकारता येते का, हा वाद तेव्हा न्यायालयात चालूच होता. वेस्टमोरलंडमधल्या केंटमिअर या दुर्गम दरीतल्या एका खाणावळीचा परवाना न्यायाधीशांनी नाकारला होता. कारणे दोन: पोलिसांच्या नजरेपासून दूर, आणि वस्तीला गरज नाही. ‘शार्प विरुद्ध वेकफील्ड’ या नावाने हा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९१ मध्ये निकाल लागला की न्यायाधीशांना तो अधिकार आहे. केन यांची बाजू कायद्याने खरी ठरली.

पण त्याआधीच त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला होता. भरपाईच्या प्रश्नावर मतदारांचा कौल घ्यायचा म्हणून ते बॅरोतूनच अपक्ष उभे राहिले. हिशेब साफ चुकला. युनियनिस्टांनी त्यांना सोडलेले, आणि आयर्लंडवरून दुखावलेले लिबरल त्यांच्यासाठी माघार घ्यायला तयार नव्हते. लिबरलांचा उमेदवार डंकन निवडून आला आणि केन तिसरे आले. गंमत अशी की ज्या कलमांसाठी हे चालले होते ती सरकारने तोवर गुंडाळली होती. एका मतदानात सरकारचे मताधिक्य अवघ्या चारवर आले होते. राखून ठेवलेला पैसा मग काउंटी कौन्सिलांकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा मंडळांकडे, गेला आणि बराचसा तांत्रिक शिक्षणावर खर्च झाला; लोकांनी त्याला ‘व्हिस्की मनी’ असे नाव ठेवले.

एकाच प्रश्नासाठी पोटनिवडणूक लढवू नये, हा धडा बरेच जण यातून काढतात. तो अपुरा आहे. केन यांनी उंबऱ्यावर अडवलेली गोष्ट अशी होती की दारूतून येणारा पैसा एकदा कोणाची मिळकत झाला, की तो मिळकतदार दारूचा रखवालदार होतो. मुंबईत मिळकतदार सरकारी तिजोरी होती, बॅरोत मद्यनिर्माता होणार होता. इंग्लंडमध्ये ते वेळेत पोचले, हिंदुस्थानात वीस-पंचवीस वर्षे उशिरा. तिथे तिजोरीला सवय लागून गेली होती. इंग्लंडमधलाही बांध त्यांच्या पश्चात फुटला: १९०४ च्या कायद्याने भरपाई आली, फक्त तिचा पैसा करदात्यांऐवजी परवानाधारकांवरच्या आकारणीतून उभा राहिला.

पडझड आणि आयोग

१८९२ मध्ये केन पुन्हा ग्लॅडस्टन यांच्या पक्षात परतून ईस्ट ब्रॅडफर्डहून निवडून आले. पुढच्याच वर्षी शॉज ब्राउ कंपनी बुडाली. देण्यांचा बोजा केन यांनी अंगावर घेतला आणि पुढची वर्षे उत्पन्नातला मोठा हिस्सा ते फेडण्यात गेला. पण काम आवरते घेतले नाही. लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या हिंदुस्थानी खर्चाच्या शाही आयोगावर ते, दादाभाई नौरोजी आणि वेडरबर्न असे तिघे हिंदुस्थानच्या बाजूचे. १८९७ मध्ये पुण्याहून गेलेले तिशीचे गोपाळ कृष्ण गोखले आणि मुंबईचे दिनशा वाच्छा यांच्या साक्षी याच आयोगापुढे झाल्या. केन, नौरोजी आणि वेडरबर्न या तिघांनी वेगळा अहवाल दिला. इंग्लंडच्या परवाना कायद्यांवरच्या पील आयोगातही केन होतेच.

१९०० मध्ये ते कॅम्बोर्नहून निवडून आले. प्रकृती ढासळल्यावर दक्षिण अमेरिकेचा प्रवास करून आले, पण गुण आला नाही. १७ मार्च १९०३ रोजी लंडनच्या ग्रोव्हनर रोडवरच्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

नंतरचा महाराष्ट्र

पुण्यात १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परतवू लागले. ही रीत केन यांच्या अर्ज-ठरावांहून वेगळी आणि सरकारला जास्त झोंबणारी, कारण लिलावाची बोली थेट कोसळते. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांमध्ये अंगात आलेल्या देवीने दारू सोडायला सांगितले आणि ती लाट डहाणूवरून सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींपर्यंत गेली. काशीच्या महंताकडे केन यांनी पाहिलेली सामुदायिक शपथ इथे लंडनच्या कोणत्याही संस्थेविना उभी राहिली.

महसुलाचा प्रश्न सोडवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने केला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लावताना बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई म्हणून शहरी स्थावर मिळकतींच्या भाड्याच्या मूल्यावर १० टक्के कर बसवला. लगेच घरमालक रस्त्यावर आले. दारूचा कर न बोलता वसूल होतो, घराचा कर बोलून, हे मंत्र्यांना त्या वर्षी कळले.

लोकल ऑप्शन मात्र महाराष्ट्रात वेगळ्याच नावाने नांदते आहे: उभी बाटली, आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. आडव्या बाटलीला ५० टक्क्यांहून जास्त मते पडली की परवाना बंद. ब्रिटनमध्ये १८९३ च्या विधेयकात दुकाने बंद करायला दोन तृतीयांश मते लागणार होती, आणि ते मंजूर झालेच नाही. इथली अट ऐकायला सोपी वाटते. गोम इतकीच, की हे ५० टक्के झालेल्या मतदानाचे नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांचे. यादीत १,२०० बायका असतील तर आडव्या बाटलीला ६०१ हव्यात. मतदान ७०० चे झाले आणि त्यातल्या ५९० जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालू राहते. ऊसतोडीला गेलेली, माहेरी असलेली, मयत होऊनही यादीत राहिलेली, अशी प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. म्हणून अनुभवी कार्यकर्त्या मागणीचा अर्ज देण्याआधी मतदारयादी घेऊन घरोघर फिरतात, नावे वगळण्याचे अर्ज आधी मार्गी लावतात, आणि तोडीच्या हंगामात मतदान येणार नाही अशा बेताने अर्ज टाकतात.